जमिनीखालचं एडिनबरा: चार दिवसांच्या पायी फेऱ्या

संध्याकाळ झाली की सेंट जाइल्स कॅथीड्रलच्या शेजारी, मर्कॅट क्रॉस या बाजारस्तंभापाशी, काळे झगे घातलेले गाइड भुतांच्या फेऱ्यांच्या पाट्या घेऊन उभे राहतात. नवखा पर्यटक पहिल्याच रात्री त्यांच्यातल्या कुणाच्या तरी मागून जातो आणि तिथेच क्रम चुकतो. रात्रीच्या फेरीत गाइडचं काम घाबरवण्याचं. सनावळ्या, बांधकाम, कोण कुठे राहत होतं हे तो दोन वाक्यांत उरकतो, आणि मेणबत्तीच्या उजेडात भिंतही धड दिसत नाही. म्हणून प्रत्येक जागा आधी दिवसा पाहावी, इतिहासाच्या फेरीत. भुतं नंतर. मग रात्री जे कानावर पडतं त्यातलं कागदोपत्री किती आणि गाइडच्या पदरचं किती, हे ऐकता ऐकता कळतं. मजाही त्यातच आहे.

चार दिवस पुरतात. महिना मात्र बघून ठरवा. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. नऊच्या फेरीला कबरस्तानात लख्ख उजेड असतो आणि गाइड बिचारा घसा फोडून अंधाराचं वर्णन करत असतो. डिसेंबरात उलट: पावणेचारलाच दिवस बुडतो, पण पाऊस आणि वारा सोसावा लागतो. ऑगस्टमध्ये फ्रिंज या कलामहोत्सवामुळे हॉटेलांचे भाव आभाळाला भिडतात आणि रॉयल माइल या मुख्य रस्त्यावर चालणंही कठीण होतं. ऑक्टोबरचा पूर्वार्ध किंवा मार्च उत्तम. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हॅलोवीनची गर्दी असते, तेव्हा तिकिटं बरीच आधी काढावी लागतात.

पहिला दिवस: उतार समजून घ्या, मग मेरी किंग्ज क्लोज

इथलं 'भूमिगत शहर' कुणी खणलेलं नाही. हे समजलं नाही तर पुढचे तीन दिवस नुसते अंधाऱ्या खोल्यांत जातात. जुनं एडिनबरा एका लांबट डोंगरधारेवर वसलंय. पश्चिमेला ज्वालामुखीच्या टणक खडकावर किल्ला, तिथून पूर्वेला हॉलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारी धार, आणि त्या धारेवरून गेलेला रस्ता म्हणजे रॉयल माइल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन झपकन खाली जाते. उत्तरेला पूर्वी नॉर लॉक नावाचं तळं होतं, तिथे आता प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागा आहेत. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा दारुण पराभव झाला आणि इंग्रज चालून येतील या भीतीने शहराभोवती तट बांधायला घेतला. तटाच्या आत जागा संपली, तेव्हा लोकांनी उंच घरं बांधली. उताराच्या बाजूने मोजली तर काही घरं दहा मजल्यांच्याही वर जात.

सकाळी गाइड नको. रॉयल माइलवरून निघणाऱ्या बोळांतून, ज्यांना इथे क्लोज म्हणतात, नुसतं खाली उतरा आणि वर चढा. अॅडव्होकेट्स क्लोज पहिला घ्या, कारण त्याच्या तोंडाशी उभं राहिलं की उतार किती तीव्र आहे ते एका नजरेत येतं. तिथून फ्लेशमार्केट क्लोज. मग नॉर्थ ब्रिजवरून खाली स्टेशनकडे उतरणाऱ्या स्कॉट्समन स्टेप्स: १०४ पायऱ्या, प्रत्येक पायरी वेगळ्या संगमरवराची. दीड तासात पोटऱ्या सांगतात की हे शहर सपाट नकाशात मावणारं नाही.

फोनवरच्या नकाशाचा घोळही इथेच लक्षात येतो. नकाशात दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात, प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या खालून गेलेला असतो. साउथ ब्रिज आणि काउगेट, जॉर्ज फोर्थ ब्रिज आणि काउगेट, या दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. ठिपका सांगतो 'पोचलात', आणि गट जमायची जागा तुमच्या पायाखाली तीन मजले असते. साउथ ब्रिजवरून काउगेटला जायचं तर ब्लेअर स्ट्रीट किंवा निड्री स्ट्रीटने उतरायचं. जॉर्ज फोर्थ ब्रिजवरून कँडलमेकर रोने. फेरी वेळेवर निघते आणि उशिरा आलेल्याला मधूनच आत सोडत नाहीत, तेव्हा पंधरा मिनिटं हाताशी ठेवा.

दुपारी 'द रिअल मेरी किंग्ज क्लोज'. दार वॉरिस्टन्स क्लोजमध्ये, हाय स्ट्रीटला लागूनच. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, फेरी तासाभराची, पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. आत फोटो काढू देत नाहीत. शेवटी तेच एक फोटो काढतात आणि विकायला ठेवतात. जमीन खडबडीत, पायऱ्या बऱ्याच, आणि बोळ मुळातच उताराचा असल्यामुळे खोल्यांमधून फिरतानाही चढउतार होतो. गुडघे दुखत असतील तर विचार करून जा.

या बोळावर आज महापालिकेची इमारत, सिटी चेंबर्स, उभी आहे. १७५३ मध्ये इथे व्यापाऱ्यांसाठी रॉयल एक्स्चेंज बांधायला सुरुवात झाली. उतारावर सपाट जागा कुठून आणायची? मधल्या बोळांतल्या घरांचे वरचे मजले उतरवले, खालचे तसेच ठेवले आणि त्यांचाच पाया केला. त्यामुळे पुढून तीन-चार मजल्यांची दिसणारी ही इमारत मागे कॉकबर्न स्ट्रीटच्या बाजूने दहाच्या वर मजले उतरते. फेरीनंतर मुद्दाम मागे जाऊन वर बघा. तासाभरात जे ऐकलं ते तिथे दगडात दिसतं. गंमत म्हणजे ज्या व्यापाऱ्यांसाठी हा खटाटोप केला, ते जुन्या सवयीने रस्त्यावर मर्कॅट क्रॉसपाशीच सौदे करत राहिले.

मेरी किंग ही कुणी राणी नव्हे. सतराव्या शतकातली कापडाच्या धंद्यातली विधवा, चार मुलांची आई, १६४४ मध्ये वारली. त्या काळात बोळाला बाईचं नाव पडणं ही मोठीच गोष्ट. ती गेली त्याच सुमाराला प्लेग आला, आणि इथली सगळ्यात प्रसिद्ध दंतकथा त्यातूनच निघाली: रोग्यांना आत कोंडून बोळाची दोन्ही तोंडं भिंत घालून बंद केली. तसं झालं नव्हतं. रोगी असलेल्या घराच्या खिडकीला पांढरं फडकं लावत, घरातल्यांना अन्न-सरपण पोचवत, अनेकांना गावाबाहेर बरो म्यूरच्या माळावर झोपड्यांत हलवत, आणि घरं साफ करायला पगारी माणसं नेमत. बोळात लोक पुढेही राहत होते. अँड्र्यू चेस्नी हा करवती बनवणारा शेवटचा रहिवासी १९०२ मध्ये बाहेर पडला. त्याचा संडासही फेरीत दाखवतात.

प्लेगच्या डॉक्टरची खोली मात्र नीट बघा. पहिला डॉक्टर, जॉन पॉलिशस, १६४५ मध्ये स्वतःच प्लेगने मेला. त्याच्या जागी जॉर्ज रे आला. अंगभर चामड्याचा झगा, तोंडावर चोचीसारखा मुखवटा, चोचीत सुगंधी वनस्पती. तेव्हाची समजूत अशी की रोग घाण हवेतून येतो, म्हणून चोच. जीव वाचवला तो बहुधा झग्याने, कारण चामड्यातून पिसवा चावू शकत नाही. गाठी फोडून तापलेल्या सळईने डागणं हा उपचार, आणि त्यातून काही रोगी खरोखर बरे होत. शहराने त्याला महिना शंभर स्कॉट्स पौंडांपर्यंत पगार कबूल केला. तो जगणार नाही असा बहुतेक हिशोब असावा, कारण तो जगला आणि नंतर कित्येक वर्षं थकबाकीसाठी शहराच्या मागे लागून राहिला. पूर्ण रक्कम काही मिळाली नाही.

मराठी वाचकाला या खोलीत १८९७ चं पुणं आठवल्याशिवाय राहत नाही: घरझडत्या, गावाबाहेरच्या छावण्या, जाळलेलं सामान, रँड. एडिनबऱ्यात अडीचशे वर्षं आधी हेच उपाय झाले आणि दोन्हीकडे खरा वाहक कुणालाच माहीत नव्हता. पिसवेचा पुरावा पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत मिळवला आणि त्याची पक्की खातरजमा पुढच्या दशकात मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत झाली. एडिनबऱ्यातला गाइड हे सांगत नाही.

शेवटी येते 'अॅनीची खोली'. १९९२ मध्ये एका जपानी अतींद्रियवादी बाईंना इथे आपली बाहुली हरवलेली मुलगी जाणवली. तेव्हापासून लोक बाहुल्या, नाणी, चॉकलेटं ठेवून जातात. जमलेले पैसे लहान मुलांच्या मदतकार्याला देतात. त्या मुलीची सतराव्या शतकातली काही नोंद नाही. म्हणजे कथा १९९२ ची आहे, आणि तशीच ऐकली तर कुणाचं काही बिघडत नाही.

रात्री लवकर झोपा. भुतं उद्या.

दुसरा दिवस: साउथ ब्रिजची तळघरं

चारांतला हा सगळ्यात भरीव दिवस. साउथ ब्रिज चालताना पूल वाटतच नाही, कारण दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. खाली काउगेटच्या दरीवर एकोणीस कमानी आहेत, त्यातली एकच बाहेरून दिसते. १७८५ मध्ये कोनशिला, १७८८ मध्ये पूल खुला. कमानींना टेकून दोन्ही अंगांना इमारती चढवल्या, आणि कमानींच्या पोकळीत आडवे मजले घालून शंभराहून जास्त खोल्या काढल्या. पुलाच्या कडेच्या जागेला तेव्हा सोन्याचा भाव आला होता; एवढी पोकळी वाया कोण घालवणार?

उद्घाटनाची गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो: पहिल्यांदा पूल ओलांडायचा मान एका प्रतिष्ठित वृद्ध बाईंना द्यायचं ठरलं, त्या आधीच वारल्या, शब्द पाळायचा म्हणून त्यांची शवपेटी पुलावरून नेली, आणि गाव म्हणालं, पूल शापित आहे. शाप असेल तर तो पाण्याचा. वरच्या रस्त्याच्या थरात पाणी अडवायची सोय नीट केलीच नव्हती. एडिनबऱ्याचा पाऊस दगडांच्या सांध्यांतून झिरपत खाली येऊ लागला. खोल्यांत चांभार, सुऱ्या-कात्र्या करणारे, दारूचे गुत्तेवाले, माल साठवणारे असे भाडेकरू होते. १७९५ पासूनच ते गळतीला कंटाळून निघू लागले. धंदेवाले गेले, ज्यांना दुसरा आसरा नव्हता ते आले. खिडकी नाही, हवा नाही, उजेडाला माशाच्या तेलाचा दिवा, त्याचा धूर जायला वाट नाही. एकोणिसाव्या शतकात राडारोडा भरून खोल्या बुजवल्या आणि गाव त्यांना विसरून गेलं.

१९८० च्या दशकात नॉरी रोवन या स्कॉटलंडच्या माजी रग्बीपटूला इथली वाट सापडली. १९८९ मध्ये क्रिस्टियन रादुकानू या रुमानियन खेळाडूला रुमानियाच्या गुप्त पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळायला त्याने याच तळघरांतून मदत केली. नव्वदच्या दशकात राडारोडा उपसला तेव्हा निघालं ते सामान भुतांपेक्षा बोलकं: शिंपल्यांचे ढीग, मातीच्या चिलमींचे तुकडे, औषधाच्या बाटल्या, खेळणी. ऑइस्टर, म्हणजे कालवं, तेव्हा गरिबाचं खाणं होतं.

दुपारी दोनच्या सुमाराची ब्लेअर स्ट्रीटच्या तळघरांची इतिहासाची फेरी घ्या. मर्कॅट टूर्स ती चालवतात. लोक इथे एक चूक नेहमी करतात: ब्लेअर स्ट्रीटच्या दाराशी जाऊन थांबतात. गट जमतो वर, मर्कॅट क्रॉसपाशी. आत गेल्यावर आधी छत बघा. कमानीचा गोलावा कुठे सुरू होतो ते शोधलं की आपण पुलाच्या पोटात आहोत हे उमगतं. मग मधल्या मजल्याच्या तुळयांसाठी भिंतीत ठेवलेल्या खाचा. मग सांध्यांतून उतरलेले चुन्याचे पांढरे ओघळ. काही ठिकाणी त्यांचे बारीक सुळके झालेत. पावसाच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर थेंब पडताना ऐकू येतात. बाहेर कितीही ऊन असो, आत गारठा आणि ओल कायम, तेव्हा एक जादा थर अंगावर हवाच. बुटांचा तळ खरबरीत असू द्या. आत स्वच्छतागृह नाही, बसायला जागा नाही, आणि मोठी बॅग दारांत अडते.

१८१५ च्या चोरट्या भट्टीबद्दल गाइडला जरूर विचारा. अबकारी अधिकाऱ्यांना पुलाच्या मधल्या कमानीखाली दारूची भट्टी सापडली. दीड वर्ष ती बिनबोभाट चालली होती. आत शिरायची वाट शेजारच्या घरातल्या निजायच्या खोलीत, शेगडीच्या जाळीमागे. पाणी शहराच्या नळातून चोरलेलं, धूर शेजारच्या धुराड्यात सोडलेला. भट्टी पकडून देतात त्या तीन गोष्टी, पाणी, धूर आणि येणं-जाणं, तिन्हींचा बंदोबस्त त्या माणसाने केला होता. असल्या खऱ्या गोष्टीपुढे 'बूट घातलेलं भूत' फिकंच पडतं.

माणसं मारून प्रेतं डॉक्टरला विकणारे बर्क आणि हेअर इथे प्रेतं लपवत, हेही ऐकवलं जातं. त्यांचा अड्डा वेस्ट पोर्टला, टॅनर्स क्लोजमध्ये होता. तळघरांशी त्यांचा संबंध दाखवणारा पुरावा नाही. एका खोलीत जमिनीवर दगडांचं वर्तुळ दिसेल. तेही अठराव्या शतकाचं नाही, अलीकडे विका या आधुनिक जादूटोणा-पंथाच्या लोकांनी मांडलेलं आहे.

संध्याकाळी जेवून, थोडा वेळ घालवून, त्याच तळघरांची रात्रीची फेरी. व्हेजिटेरियन हॅगिस बहुतेक पबांत मिळतं आणि ते मेंढीच्या काळीज-फुप्फुसांच्या मूळ पदार्थापेक्षा वाईट नसतं. दारू मात्र फेरीनंतर. रात्रीच्या फेऱ्यांना कंपनीगणिक वयाची अट वेगळी असते, काही तर फक्त प्रौढांसाठी असतात. मुलं असतील तर तिकीट काढतानाच बघा. आणि विचारा की आत 'जंपर-ऊटर' आहे का, म्हणजे अंधारातून अंगावर झेप घ्यायला नेमलेला माणूस. काही कंपन्या ठेवतात, काहींना ते कमीपणाचं वाटतं. लहान मूल किंवा हृदयाचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर हा प्रश्न आधीच विचारावा.

उभं कुठे राहायचं? गाइडच्या जवळ राहिलात तर स्कॉटिश उच्चार कळतात. कमानीत आवाज घुमतो आणि मागे उभ्या असलेल्यांना अर्धे शब्द हरवतात. घाबरायचं असेल तर दारालगत, सगळ्यांच्या शेवटी. कारण साधं आहे: दारातून गार हवेचा झोत येतो, मागे कुणी नाही हे पाठीला कळत असतं, आणि मेणबत्ती लांब असते.

हे नुसतं सांगणं नाही. २००१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी याच तळघरांत दोनशेहून अधिक लोकांवर प्रयोग केला. माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत एकेकटं ठेवलं आणि काय जाणवलं ते लिहून घेतलं. ज्या खोल्यांची 'बाधित' म्हणून ख्याती होती तिथे थंडी, स्पर्श, कुणीतरी असल्याचा भास या नोंदी खरोखर जास्त आल्या, आणि त्या लोकांना खोल्यांची ख्याती आधी ठाऊक असण्याशी त्याचा संबंध नव्हता. जुळला तो खोलीचा आकार आणि उजेडाशी. थोडक्यात, लोक खोटं बोलत नव्हते. खोली तशी आहे. शनिवारी रात्री भिंतीतून येणारी धपधप मात्र कुणाचीही ख्याती वाढवत नाही, ती शेजारच्या क्लबची असते. म्हणून ही फेरी आठवड्याच्या मधल्या दिवशी घ्या.

कधी कधी फेरीत कुणी चक्कर येऊन पडतं. उपाशीपोटी दीड तास उभं राहणं, गुडघे ताठ, कोंदट हवा, त्यात भीतीने रोखलेला श्वास, कारणं एवढीच. गुडघे सैल ठेवा, भिंतीला टेका, आणि बरं वाटेनासं झालं तर लगेच गाइडला सांगा. बाहेर नेणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

तिसरा दिवस: ग्रेफ्रायर्स, दिवसा आणि रात्री

ग्रेफ्रायर्सचं कबरस्तान फुकट आहे. सकाळी एकटंच फिरा. दाराबाहेर बॉबी या स्काय टेरियर कुत्र्याचा पुतळा. तो १८७२ मध्ये मेला, मालकाच्या थडग्यापाशी वर्षानुवर्षं बसून राहिला म्हणून प्रसिद्ध. शुभ म्हणून नाक घासायची टूम अलीकडची, आणि तिने पुतळ्याचं नाक झिजतंय. घासू नका.

आत फ्लॉडन तटाचा तुकडा आहे, पहिल्या दिवशीच्या गोष्टीतला. चर्चजवळ जमिनीलगत दोन लोखंडी पिंजरे दिसतील: मॉर्टसेफ. आतलं भूत बाहेर येऊ नये म्हणून नव्हे, बाहेरचा चोर आत जाऊ नये म्हणून. वैद्यकीय शाळांना विच्छेदनासाठी प्रेतं हवी असत, कायद्याने मिळत ती फार थोडी, म्हणून ताजी प्रेतं उकरून विकणारे निघाले. प्रेत विकण्याजोगं राहत नाही तोपर्यंत काही आठवडे पिंजरा लावायचा, मग काढून पुढच्याला.

दक्षिणेला घुमटाचं थडगं सर जॉर्ज मॅकेंझीचं, 'ब्लडी मॅकेंझी'. तो राजाचा वकील. १६३८ मध्ये याच चर्चमध्ये नॅशनल कॉव्हेनंट या करारनाम्यावर सह्या झाल्या: राजाने आमच्या चर्चमध्ये ढवळाढवळ करू नये. १६७९ च्या जूनमध्ये बॉथवेल ब्रिजच्या लढाईत कॉव्हेनंटवाले हरले. सुमारे बाराशे कैदी इथे आणून कबरस्तानालगतच्या मोकळ्या मैदानात ठेवले. उघड्यावर, दिवसाला चार औंस पाव, म्हणजे सव्वाशे ग्रॅमही नाही. काही मेले, काहींना फाशी दिली, बरेच राजनिष्ठेची शपथ घेऊन सुटले. उरलेल्या अडीचशेच्या आसपास लोकांना नोव्हेंबरात जहाजावर चढवून वसाहतींकडे रवाना केलं. डिसेंबरात ते ऑर्कनीजवळ फुटलं आणि दोनशेहून जास्त बुडाले. मॅकेंझी १६९१ मध्ये मेला आणि ज्यांच्यावर त्याने खटले भरले त्यांच्या शेजारीच पुरला गेला.

रात्रीच्या फेरीआधी दोन गोष्टी पक्क्या करून घ्या, कारण गाइड त्या मिसळतो. एक, मॅकेंझीचं थडगं आणि 'ब्लॅक मॉझोलियम' हे कुलपाआडचं थडगं या वेगवेगळ्या जागा. लोकांना ओरखडे उठतात, भोवळ येते म्हणतात ते दुसऱ्या जागी. दोन, ज्या कुलूपबंद पट्ट्याला 'कॉव्हेनंटर्स प्रिझन' म्हणतात तिथली छप्परवाली थडगी कैद्यांच्या नंतरची. १६७९ मध्ये तिथे मैदान होतं, आणि त्याचा बराचसा भाग आता इमारतींखाली गेलाय. कैदी थडग्यांत कोंडलेले नव्हते.

भुताची गोष्ट फार जुनी नाही. १९९८ च्या डिसेंबरात आसरा शोधणारा एक बेघर माणूस मॅकेंझीच्या थडग्यात शिरला आणि खालची फळी मोडून पडला, तेव्हापासून 'ते' मोकळं झालं असं सांगतात. १९९९ पासून 'सिटी ऑफ द डेड' ही कंपनी कुलपाआडच्या भागात लोकांना नेते. तिच्या फेरीशिवाय तिथे जाता येत नाही. २००३ मध्ये दोन पोरांनी मॅकेंझीच्या थडग्यातून कवटी पळवली आणि त्यांच्यावर थडगं विटाळल्याचा खटला चालला, तेव्हा कुलूप नुसतं नाटकापुरतं नाही.

इथली फेरी उघड्यावर आहे, म्हणून पावसाळी अंगरखा हवा, छत्री नको. गर्दीत डोळ्यांत जाते आणि वाऱ्यात उलटते. ओलं गवत, तिरके दगड, अंधार, त्यामुळे घोटे जपा. शेवटी दहा मिनिटं सगळे एका दगडी खोलीत दाटीवाटीने उभे राहतात. कोंडल्याची भीती असेल तर दाराजवळची जागा धरा.

चौथा दिवस: उरलेले धागे

पाय थकलेले असतात, म्हणून आज आडोशाचं. ग्रेफ्रायर्सच्या शेजारी चेंबर्स स्ट्रीटवर नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंड, प्रवेश फुकट. तिथे बोटभर लांबीच्या लाकडी शवपेट्या शोधा. १८३६ मध्ये आर्थर्स सीट टेकडीवर ससे मारायला गेलेल्या पोरांना एका कपारीत अशा सतरा सापडल्या, प्रत्येकीत कपडे घातलेली बाहुली. आठ उरल्यात. कुणी आणि का ठेवल्या हे आजवर ठरलेलं नाही. बर्क आणि हेअरच्या सोळा बळींशी, आणि त्यांनी विकलेल्या पहिल्या, नैसर्गिक मरणाने गेलेल्या भाडेकरूशी, आकडा जुळतो असं काहीजण म्हणतात. पण बाहुल्या पुरुषी कपड्यांत आहेत आणि बळींत बायका जास्त होत्या.

तिथून दहा मिनिटांवर निकल्सन स्ट्रीटला सर्जन्स हॉल म्युझियम्स. तिकीट आहे. बर्कला २८ जानेवारी १८२९ ला फाशी दिलं. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. प्रेतं विकत घेणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्सवर खटलाच झाला नाही. पहिल्या प्रेताला साडेसात पौंड मिळाले होते. बर्कच्या कातड्याचं केलेलं पाकीट इथे मांडलंय, सांगाडा विद्यापीठाच्या शरीरशास्त्र संग्रहालयात आहे आणि ते मोजक्याच दिवशी उघडतं, तेव्हा तारीख बघून जा. लहान मुलांना सर्जन्स हॉलमध्ये नेताना दोनदा विचार करा. बरण्यांतले नमुने खरे आहेत.

अर्धा दिवस उरलाच तर शहराच्या दक्षिणेला गिलमर्टन कोव्ह. वालुकाश्मात हाताने कोरलेल्या खोल्या, दगडातलीच टेबलं आणि बाकं. जॉर्ज पॅटरसन या लोहाराने पाच वर्षं खपून १७२४ मध्ये हे घर पुरं केलं अशी परंपरा. काम त्याहून जुनं असावं असं मानणारेही आहेत. या चार दिवसांत खरं खणलेलं भूमिगत एडिनबरा एवढंच. चालू आहे का आणि जागा आहे का हे पाहून मगच बस धरा. लोदियन बसमध्ये कार्ड टेकवता येतं. रोख देणार असाल तर नेमके पैसे ठेवा, सुटे परत मिळत नाहीत.

आणि रस्त्यावर 'फुकट' म्हणून गळ्यात पडणाऱ्या फेऱ्यांबद्दल: त्या फुकट नसतात, शेवटी बक्षिसीची टोपी फिरते. गाइड चांगला असेल तर द्या. पण त्या वरच्या वर फिरवतात, तळघरांत नेत नाहीत. ज्याला खाली उतरायचंय त्याने तिकीटच काढावं.